पाय ठेवायच्या जागी मेण

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, आज मी भयंकर चिडलेली आहे. आत्मकथा सांगताना शांतपणे, गोड आवाजात सांगायची असते म्हणे. ते इतर वस्तूंना जमत असेल. माझ्या अंगावर तीन थर मेण फासून मला पाण्यात ढकललं, आणि वर दोष एका म्हाताऱ्या गुडघ्याला दिला. मग माझा आवाज कुठून गोड निघणार?

पण सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई उगाचच भांडते.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मी लाकडाची नाही, फायबरची आहे. एक मोठा साचा असतो, त्यात फायबरचे थर एकावर एक चिकटवतात आणि वाळले की होडी उपसून काढतात. पण थर लावण्याआधी कारागीर त्या साच्याला आतून काय लावतो, माहीत आहे? मेण! होडी साच्याला चिकटून बसू नये, सुटून यावी म्हणून. म्हणजे मेणाशी माझी ओळख जन्माच्याही आधीची आहे. मेणावर काहीही टिकत नाही, सगळं सटकतं, आणि ते त्याचं कामच आहे. एवढी साधी गोष्ट मला, एका होडीला, कळते. शिकल्यासवरलेल्या माणसांना का कळू नये?

मला विकत घेतलं फिटरमामांनी. ते कारखान्यात फिटर होते, म्हणून सगळे त्यांना फिटरमामा म्हणत. त्यांची बायको नर्सबाई. आमचं तळं एवढं मोठं, की पलीकडचा काठ धुक्यात दिसतसुद्धा नाही. रस्त्याने वळसा घालून तिकडे जायला तीन तास लागतात आणि माझ्यातून पंचवीस मिनिटं. पलीकडे दवाखाना नव्हता. त्यामुळे बावीस वर्षं, कडाक्याच्या थंडीचे महिने सोडले तर, नर्सबाई रोज सकाळी हातात औषधांची पेटी घेऊन माझ्यात उतरायची, स्वतः इंजिन चालू करायची आणि निघायची. वारा असो, पाऊस असो, तिचं आपलं एकच, "चल गं बाई, उशीर झाला." पलीकडच्या कितीतरी मुलांचा पहिला ट्यांहा तिने ऐकलाय आणि काठाला बांधलेली असताना मीही ऐकलाय. तेव्हा लोक माझं काय कौतुक करायचे! होडी आली म्हटलं की बायका दारात येऊन उभ्या राहायच्या.

थंडीत तळ्याच्या कडेला बर्फ धरतो, म्हणून दर वर्षी मला बाहेर काढून घरामागच्या शेडमध्ये ठेवत. आणि वसंत आला, की पाण्यात सोडण्याआधी फिटरमामा आठवडाभर माझ्यामागे लागायचे. त्यांची पद्धत ठरलेली होती. आंघोळ खालून वर, म्हणजे मळक्या पाण्याचे ओघळ सुकून बसत नाहीत. मग पॉलिश. मग मेण. तेही कसं? वीतभर जागेत बोटांनी गोल गोल लावायचं, धुरकट झालं की मऊ फडक्याने पुसायचं, मगच पुढची वीत घ्यायची. नर्सबाई बादली धरून उभी असायची आणि म्हणायची, "अहो, माझ्या केसांना कधी एवढं तेल लावलं नाहीत!" मामा हसायचे, पण हात थांबायचा नाही.

आणि आतमध्ये, जिथे पाय ठेवायचा, तिथे मात्र ते मेणाचा डबासुद्धा टेकवू द्यायचे नाहीत. तिथे ते रंग लावायचे आणि रंग ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू भुरभुरायचे. वाळला की पायाखाली खरखर लागायची. "बाहेरून गुळगुळीत, आतून खरखरीत. बाकी मळ काय, तो साबण बघून घेतो," असं म्हणायचे. त्या वाळूवर नर्सबाई बावीस वर्षांत एकदाही घसरली नाही. पावसात नाही, बर्फाळ सकाळी नाही, घाईत तर नाहीच नाही.

मग ती निवृत्त झाली आणि त्याच वर्षी फिटरमामा गेले. त्यापुढची चार वर्षं मी शेडमध्ये पडून होते. ताडपत्री फाटली, पानं आत पडून कुजली, अंगावर हिरवा थर चढला. शेजारची मांजर माझ्यात तीनदा व्यायली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, तेवढीच सोबत झाली. माणसांपैकी कोणी फिरकलं नाही, हे मात्र मी विसरलेली नाही. नर्सबाई यायची, पण ती दारातूनच बघायची आणि परत जायची. तिचा गुडघा तेव्हा फारच दुखायचा.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, काहीही करा. आणि मित्रांनो, तिने सगळ्यात आधी काय ठरवलं असेल? पलीकडे जायचं! तिची धाकटी बहीण पलीकडे राहते, अंथरुणाला खिळलेली आहे. चार वर्षं नर्सबाईला तिच्याकडे जायचं तर जावयाच्या गाडीतून, वर्षातून दोनदा, तेही त्याला सवड असेल तेव्हा. "मला दर आठवड्याला जायचंय," ती लेकीला म्हणाली. "माझी मी जाईन."

लेक वाईट नाही हो, काळजी करणारी आहे. पण तिच्या काळजीला तोंड फार. "आई, तुझं वय काय, गुडघा काय! पडलीस पाण्यात तर?" बराच वाद झाला. शेवटी लेकीने अट घातली. होडी नीट करून पाण्यात सोडायची, आणि पहिल्याच दिवशी आईने कोणाचाही हात न धरता धक्क्यावरून होडीत उतरून दाखवायचं. जमलं तर होडी आईची. नाही जमलं तर समोरच्या हॉटेलवाल्याला देऊन टाकायची.

हा हॉटेलवाला मला कशाला मागत होता, ठाऊक आहे? त्याला मला फाटकापुढे ठेवायचं होतं. माझ्या पोटात माती भरून त्यात फुलझाडं लावायची! बावीस वर्षं लाटा कापलेल्या होडीची कुंडी! ऐकलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तळ म्हणा हवं तर, पण आग खरी होती.

मला तयार करायचं काम जावयाने अंगावर घेतलं. जावई हौशी माणूस. त्याने नवं पॉलिशचं मशीन आणलं, चार प्रकारची फडकी आणली, मोबाईलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघितले. आणि नर्सबाई शेडकडे यायला लागली, की म्हणायचा, "आई, तुम्ही खुर्चीत बसा बघू. सरप्राइज आहे."

"अरे, मी फक्त सांगायला येतेय, की ते कसं..."

"सगळं माहितेय मला. तुम्ही आराम करा!" आणि शेडचं दार बंद.

आता सांगा, ज्या बाईने बावीस वर्षं या होडीत पाय ठेवला, तिला विचारायचं नाही, तर मग विचारायचं कोणाला? व्हिडिओतल्या माणसाला? तो येणार आहे का माझ्यात बसायला?

बाहेरून त्याने काम चांगलं केलं, खोटं कशाला बोलू? हिरवा थर गेला, जुने डाग गेले, मी पुन्हा पांढरीशुभ्र झाले. तेवढ्यावर थांबायचं ना! पण हौसेला ब्रेक कुठे असतो? मग तो आत आला. वाळूच्या रंगावर हात फिरवून म्हणाला, "शी! किती खडबडीत झालंय हे!" आणि मशीन लावून त्याने ती सगळी वाळू घासून काढली. फिटरमामांच्या हातची वाळू, मित्रांनो! धूर उडाल्यासारखी उडाली आणि दाराच्या फटीतून बाहेर गेली. मी ओरडले असते, पण होडीला ओरडता येत नाही. मग तिथे पॉलिश, आणि त्यावर मेण. एक थर, दोन थर, तीन थर. लेक बघायला आली आणि म्हणाली, "अय्या, तोंड दिसतंय यात!" कपाळ असतं तर मी हात मारून घेतला असता.

गेल्या शनिवारी मला पाण्यात सोडलं. धक्क्यावर सगळे जमले होते. हॉटेलवालाही आला होता, आणि बघा त्याची घाई, तो माझी लांबी पावलांनी मोजत होता. नर्सबाईने जुने रबरी तळव्यांचे बूट घातले होते. मला बघून तिचा चेहरा फुलला. "काय गं, नवरी झालीस की," ती म्हणाली. मग तिने पेटी धरायची तसा डावा हात अंगाशी घेतला आणि नेहमीसारखा उजवा पाय माझ्यात टाकला.

पाय लागला आणि सटकला. ती आतल्या फळीवर आपटली, कोपर खरचटलं. जावयाने धावत येऊन दंड धरला म्हणून बरं, नाहीतर डोकं आपटलं असतं.

मग लेक रडायला लागली. "झालं ना आई? मी सांगत होते ना? आता तुझ्याने नाही होत गं."

नर्सबाई आपल्या गुडघ्याकडे बघत बसली. त्याला तिने दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. इतकी पांढरी पडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. मग ती अगदी हळू म्हणाली, "बरं. देऊन टाका होडी."

सांगते तुम्हाला, आयुष्यात मला एवढा संताप कधी आला नव्हता. अहो, गुडघा कसला? त्या गुडघ्याचा काय दोष? खारीला आणून उभं केलं असतं तरी ती घसरली असती! आणि ही शहाणी बाई, जी दुसऱ्यांची दुखणी एका नजरेत ओळखायची, ती स्वतःलाच दोष देऊन मोकळी! मला दुसरं काही येत नव्हतं. मी धक्क्यावर जोरात आपटले. एकदा, दोनदा. लाटेने आपटले असं ते म्हणतील. म्हणू देत.

पण त्या हेलकाव्याने नर्सबाईचा तोल गेला आणि सावरायला तिने हात तळावर टेकवला. हातही सरकला. तेव्हा ती थांबली. तिने बोटं एकमेकांवर घासली, नाकाशी नेली. मग नख तळावर ओढलं. नखात पांढरी, मऊ, बारीक गुंडाळी आली.

"जावईबापू," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"मेण, आई! तीन कोट. एक इंच जागा सोडली नाही कुठे." बिचारा अजूनही अभिमानानेच सांगत होता.

"आणि इथली वाळू?"

"ती खरखर ना? ती घासून काढली. फार घाण दिसत होती."

मग तिचा जो आवाज चढला, तो बावीस वर्षांत मी फक्त औषध न घेणाऱ्या रोग्यांसाठी ऐकला होता. "अरे, जिथे पाय ठेवायचा तिथे मेण? मेण? मला मारायचं होतं का तुम्हाला? आणि मी इथे बसून माझ्या गुडघ्याला शिव्या देतेय! ये, तू ये. तू उतर बघू होडीत!"

जावई उतरला. उतरला म्हणजे काय, पाय टेकला आणि थेट पलीकडून पाण्यात गेला. कमरेएवढंच पाणी होतं, काळजी करू नका. वसंतातलं पाणी होतं, म्हणून ओरडला मात्र भरपूर. सगळ्यात आधी हॉटेलवाला हसला आणि लेकीने त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो गुपचूप निघून गेला.

वर आल्यावर ओला, कुडकुडणारा जावई धक्क्यावर बसला आणि म्हणाला, "चुकलं, आई. मी विचारायला हवं होतं." हे तो मनापासून म्हणाला, हेही मी सांगितलं पाहिजे. रागावले तरी मी खोटं बोलत नाही.

मग मला परत शेडमध्ये नेलं आणि पुढचे चार दिवस शेडचं दार उघडं राहिलं. नर्सबाई खुर्ची टाकून दारात बसली आणि तिने जावयाकडून काम करून घेतलं. कडक ब्रश आणि साबणाच्या गरम पाण्याने आतलं सगळं मेण काढायला लावलं. नख ओढून ओढून तपासलं. "इथे अजून आहे. इथे. आणि कोपऱ्यात काय, मी बघणार नाही वाटलं?" मग रंग. मग लेकीने घरातली नवी कोरी पिठाची चाळणी आणून दिली आणि तिच्यातून वाळू चाळली. ओल्या रंगावर ती कशी भुरभुरायची, हे नर्सबाईने बसल्या जागेवरून हात हलवून दाखवलं. अगदी फिटरमामांसारखा हात. जावयाने तसंच केलं. बाहेरच्या मेणाला तिने हात लावू दिला नाही. "ते छान झालंय," म्हणाली.

आज सकाळी पुन्हा धक्का, पुन्हा तेच बूट. जावयाचा हात आपोआप पुढे आला, तेव्हा लेकीनेच तो मागे ओढला. नर्सबाईने पाय टाकला. खर्रर् असा आवाज झाला आणि पाय जिथे ठेवला तिथेच राहिला. दुसरा पाय आला. ती उभी राहिली, इंजिनाची दोरी ओढली आणि म्हणाली, "चल गं बाई, चार वर्षं उशीर झालाय."

आत्ता मी पलीकडच्या काठाला बांधलेली आहे आणि वरच्या घरातून दोन बहिणींचं भांडण ऐकू येतंय. आधी फोन कोणी करायचा होता, यावर चाललंय. चालू द्या. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, म्हणून तुम्हाला हे सगळं सांगून टाकलं.

एवढंच मागते, मित्रांनो. आम्हाला घासा, पुसा, चमकवा, आम्हाला ते आवडतं. पण हात लावण्याआधी जे आम्हाला रोज वापरतात त्यांना विचारा, की तुम्ही पाय कुठे ठेवता. आणि कधी या काठावर आलात, तर माझ्या चकाकीचं कौतुक करून निघून जाऊ नका. जरा वाकून आत बघा. तळाला वाळू आहे, एका कोपऱ्यात जास्तच पडलेली, कारण जावयाने तिथे दोन मुठी जादा भुरभुरल्या होत्या. नर्सबाई पहिला पाय तिथेच ठेवते.