हिरवा पुठ्ठा

नकाशाचा तुकडा हरवला तो माझ्याच हलगर्जीपणामुळे. आमच्या वर्गात देशाचा लाकडी नकाशा आहे. एकेक प्रदेश म्हणजे एकेक रंगीत तुकडा, त्यावर तिथला पक्षी आणि फूल रंगवलेलं. मुलांनी तो जुळवत जुळवत देश शिकायचा. पूर्वेकडचा टिटवीचा तुकडा गायब झाला तेव्हा नवा मागवायला हवा होता. पण मोठ्या बाई "हरवलाच कसा?" म्हणून विचारणार, आणि वीस वर्षांच्या नोकरीत कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी शेजारच्या हिरव्या प्रदेशाला तेवढा पुठ्ठा चिकटवला आणि वर हिरवा रंग फासला. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही.

यंदा गवंड्याची मुलगी वर्गात आली. आईबाप कामासाठी पूर्वेकडचं गाव सोडून इथे आलेले. तोंडाला खीळ म्हणून नाही, त्यामुळे मुलं तिला बडबडी म्हणत. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "बाई, आमची टिटवी कुठाय?"

"हिरव्यातच धर. एवढ्याशा तुकड्यावाचून काय अडलंय?" मी वसकन अंगावर गेले. ती जागेवर जाऊन बसली.

काल तपासणीला साहेब आले. प्रत्येकाने आपल्या गावाचा प्रदेश उचलून दाखवायचा होता. बडबडीची पाळी आली. आता ही माझं पितळ उघडं पाडणार.

तिने नकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हिरवा तुकडा उचलला, पुठ्ठ्यावर अंगठा दाबून धरला आणि म्हणाली, "हा आमचा. पक्षी पोपट."

"शाब्बास," साहेब म्हणाले. मीही हसून मान डोलावली. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात. मला कसलीच नव्हती.

मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं. "खोटं का बोललीस गं?"

"साहेब तुम्हाला बोलले असते ना." मग तिने माझ्या पदराचं टोक धरलं. "बाई, बाबांना सांगू नका हं, मी गाव दुसरंच सांगितलं ते. त्यांना फार लागेल."

आठ वर्षांची पोर माझ्यापुढे गयावया करत होती, आणि पाप माझं. साहेब अजून ऑफिसात चहा घेत होते. दहा पावलांवर.

"नाही सांगत," मी म्हणाले.

पुढचा तास गणिताचा होता. मी पाढे म्हणवून घेतले.