कोब्यातली मंडळी

हिंदुराव निकम कालच्या लग्नापासून घोट्यापर्यंत कोब्यात रुतून उभे होते, आणि अनुसयाबाईंना सगळ्यात जास्त राग आला तो त्यांच्या बुटांचा. बूट चिखलाचे होते. दारात एवढं मोठं पायपुसणं टाकलेलं असताना हा माणूस तसाच आत आला, हॉलच्या मधोमध थांबला, रुसला आणि रुतला. आता बुटांभोवतीचा चिखल काढायचा कुणी?

समाधान मंगल कार्यालयात रुसलेला माणूस जमिनीत जातो, यात नवीन काही नव्हतं. अनुसयाबाई एकोणीस वर्षं तिथला कोबा झाडत-पुसत होत्या. प्रत्येक लग्नात एक-दोघं तरी रुसायचेच. कुणाला आहेर हलका आला, कुणाला दुसऱ्या पंगतीला बसवलं. मग बोटभर रुतायचे. घरातलं कुणीतरी येऊन हात जोडायचं, "चला आता, झालं गेलं" म्हणायचं, की पाय सुटायचे. मागे पावलाएवढा डाग राहायचा, तो सोड्याच्या लेपानं निघायचा. दिवस मावळेपर्यंत कुणी समजूत काढायला आलंच नाही, तर माणूस डोक्यासकट खाली जायचा. अनुसयाबाई वरून मेणपॉलिश मारायच्या. दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न असायचं, थांबून चालायचं नाही.

हिंदुराव मात्र खालीही गेले नाहीत आणि वरही आले नाहीत. हे असं आजच व्हायला हवं होतं. आज लग्न दीपालीचं होतं, अनुसयाबाईंच्या लेकीचं. मालक माणिकशेठनी आजच्या दिवसाचं कार्यालय त्यांना दिलं होतं. मुहूर्त दुपारी बारा बत्तीसचा. भांडारघरात खिळ्याला त्यांची मोरपंखी रेशमी साडी इस्त्री करून टांगलेली होती. एकोणीस वर्षं या मांडवात त्या हातात फडकं घेऊन उभ्या राहिल्या. आज मुलीची आई म्हणून उभं राहायचं होतं. नवऱ्याच्या मागे त्यांनी एकटीनं पोर वाढवली, म्हणून कन्यादानही त्याच करणार होत्या. भटजींनी आढेवेढे न घेता हो म्हटलं होतं. त्यापलीकडे त्यांचं काही मागणं नव्हतं. साडेदहापर्यंत कोबा कोरडा झाला, की झालं.

"पावणं, पाय काढा," त्या म्हणाल्या.

"निघत नाहीत," हिंदुराव म्हणाले. ते काल लग्न झालेल्या मुलाच्या आत्याचे यजमान होते.

"कशापायी रुसलाय?"

"फेटा. सगळ्यांना बांधला. माझ्यापाशी आले आणि कापड संपलं म्हणाले."

"माझ्याकडं भांडारात एक हाय. बांधते, चला."

"तुम्ही कुणाकडच्या?"

"कार्यालयाच्या."

"मग नाही चालायचं. मुलीकडच्यांनीच बांधायला पाहिजे."

"मुलीकडची माणसं काल सहा वाजता टेम्पोत बसून गेली."

"त्याला मी काय करू?" हिंदुराव म्हणाले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

अनुसयाबाईंनी माणिकशेठना फोन लावला. खरं तर कोब्याच्या बाबतीत त्या शेठचा सल्ला घेत नसत. मागे तेलाचे डाग पडले तेव्हा ॲसिड ओता म्हणणारा हाच माणूस. कोब्याला ॲसिड लागलं की वरचा थर पिठासारखा सुटतो आणि मग जन्मभर धूळ झाडत बसावं लागतं, हे शेठना सतरा वेळा सांगून झालं होतं.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. "खुर्च्यांची कव्हरं आहेत ना आपल्याकडे?" ते म्हणाले. "त्यातलं एक घाला त्यांना. मागे रिबीन बांधा. कुणाला कळतंय?"

फोन ठेवून अनुसयाबाईंनी कपाळाला हात लावला. मग पदर खोचला आणि नेहमीच्या क्रमानं कामाला लागल्या. आधी ओला भुसा पसरून झाडून काढला, म्हणजे धूळ उडत नाही. एक बादली साबणाची घेतली, एक साध्या पाण्याची. हिंदुरावांपर्यंत आल्यावर त्या गुडघ्यांवर बसल्या आणि बुटांच्या कडेनं पाणी सोडून दगडानं घासू लागल्या. कोबा जरा झिजला तर पाय सैल होतील असा त्यांचा हिशोब होता.

पाय सैल झाले नाहीत. घासलेल्या जागी मेणपॉलिशचा थर तेवढा निघाला आणि तिथून एक अंबाडा वर आला. अंबाड्याखाली तानूबाई आल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या एका लग्नातल्या त्या करवलीच्या आजी होत्या. सगळ्यांना रेशमी आणि त्यांना एकटीला नायलॉनची साडी दिली, म्हणून खाली गेल्या होत्या. वर येताना घोट्यापाशी अडकल्या आणि डोळे चोळत म्हणाल्या, "पंगत उठली का?"

"अकरा वर्षं झाली उठून."

"बघा," तानूबाई हिंदुरावांना म्हणाल्या. "कुणी बोलवायला आलं नाही."

अनुसयाबाईंनी घाईघाईनं तिथलं पाणी टिपायला ओलं फडकं फिरवलं. फडकं गेलं तिथून एक रिटायर गुरुजी वर आले. त्यांचं नाव माईकवरून आभार मानताना राहून गेलं होतं. त्यांच्यामागे जेवणात आळणी वरण आलेले दोन भाऊ आले. पुसावं तर माणूस निघे आणि न पुसावं तर पाणी पसरून पुढच्या थरापर्यंत जाई. एकोणीस वर्षांचं पॉलिश, आणि त्याखाली एकोणीस वर्षांची माणसं. दहा वाजेपर्यंत त्रेचाळीस झाली. दारापासून बोहल्यापर्यंतच्या वाटेत आता फरशी पुसायची काठी आडवी फिरेना. अनुसयाबाईंना माणसांच्या मधून अंग चोरून जावं लागत होतं, आणि कुणाला कोपर लागलं की तो आणखी बोटभर खाली जात होता.

त्यात मंडळी गप्प बसतील तर शप्पथ. हिंदुरावांनी तानूबाईंना गाव विचारलं, तानूबाईंनी सांगितलं, नातं निघालं. मग १९९८ सालच्या कुठल्याशा बारशाला कोण आलं नव्हतं यावरून दोघं एकमेकांवर रुसले आणि आणखी बोटभर रुतले. अनुसयाबाईंनी पुसलेला तेवढा भाग पुन्हा चिखलाचा झाला.

तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फडकं बादलीत आपटून त्या उभ्या राहिल्या.

"ऐका," त्या म्हणाल्या. "तुमच्या सगळ्यांच्या पायाखालची जमीन पुसता पुसता माझं गुडघं गेलं. फेटा न्हाई, साडी न्हाई, वरणात मीठ न्हाई. मला एकोणीस वर्षांत कुणी जेवलीस का म्हणून विचारलं न्हाई, मी गेले का खाली? आज माझ्या पोरीचं लगीन हाय. एक दिवस गप उभं राहा. तेवढं बी जमत नसंल तर माणसं कसली तुम्ही?"

मग तानूबाईंनी घसा साफ केला.

"लग्नाला आम्हाला बोलावलंय का?"

"तुम्ही इथंच हाय की."

"तसं नव्हे. अक्षत दिलीय का?"

अनुसयाबाईंनी हात टेकले. बोलावणं न करता लग्न लागलं, तर हे त्रेचाळीस जण त्यावरूनही रुसणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी कुंकू लावलेल्या तांदळांचं ताट आणलं आणि एकेकासमोर उभं राहून म्हणाल्या, "आज बारा बत्तीसला दीपालीचं लगीन हाय. यायचं." प्रत्येकानं घड्याळ बघितल्यासारखं केलं आणि जमवतो म्हणून सांगितलं. गुरुजींनी पत्रिकेत आपलं नाव आहे का, एवढं विचारलं. मग शेठच्या सांगण्याप्रमाणे अनुसयाबाईंनी सगळ्यांना खुर्च्यांची पांढरी कव्हरं घातली आणि मागून गुलाबी रिबीनी बांधल्या. तानूबाईंनी कव्हराचं कापड बोटांनी चाचपून बरं आहे म्हटलं.

अकरा वाजून गेले होते. अक्षत देताना सांडलेले तांदूळ जागोजागी पडले होते. कोब्यावर तांदळाचा दाणा पायाखाली आला की माणूस घसरतो. तेवढे वेचून साडी बदलायला जायचं, असं ठरवून अनुसयाबाई पुन्हा गुडघ्यांवर बसल्या. त्यांच्या नऊवारीचा काठ साबणाच्या पाण्यानं काळा झाला होता.

तेवढ्यात बँड वाजला आणि मुलाकडची मंडळी आत आली. कव्हरं घातलेल्या त्रेचाळीस माणसांच्या मधून ती वाट काढत गेली. कुणाला काही वावगं वाटलं नाही. एक-दोघं तर हिंदुरावांवर बसायला टेकलेसुद्धा. सरबत वाटलं गेलं. विहीणबाईंच्या हातातला पेला हिंदकळला आणि थोडं सरबत सांडलं. त्यांनी इकडे तिकडे बघितलं.

"ओ बाई," त्या म्हणाल्या. "इथं सांडलंय, तेवढं पुसून घ्या. चिकट होईल."

सुपारी फुटली त्या दिवशी या दोघी एका ताटात जेवल्या होत्या. विहीणबाईंनी आग्रह करून अनुसयाबाईंना दुसरी पुरणपोळी वाढली होती.

अनुसयाबाईंनी सरबत पुसलं. साखरेचं पाणी कोब्यात मुरलं की काळा डाग धरतो, म्हणून दोनदा पुसलं. विहीणबाई पदर सावरून त्यांना ओलांडून पुढे गेल्या. माईकवरून भटजींचा आवाज आला, "मुलीच्या आईनं बोहल्यापाशी यावं." थोड्या वेळानं पुन्हा आला. विहीणबाई मागे वळून म्हणाल्या, "कुठं राहिल्या या? घरच्या कार्याला एवढा उशीर?"

"आले," म्हणून अनुसयाबाई उठायला गेल्या. गुडघे उचलेनात. त्यांनी दोन्ही तळवे टेकून जोर लावला. गुडघे कोब्यात होते, आणि पावलंही.

"मी रुसले न्हाई," त्या हळूच म्हणाल्या.

"आम्हीही असंच म्हणत होतो," शेजारच्या कव्हरातून हिंदुराव म्हणाले.

"मला कामं हायत. मला कशाला रुसायला वेळ?"

"खरंय," हिंदुराव म्हणाले.

बारा वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली होती. दीपालीनं बोहल्यावरून आईला पाहिलं. हिरवा शालू दोन्ही हातांनी उचलून ती खाली उतरली आणि गर्दीतून सरळ त्यांच्याकडे चालत आली. अंतरपाट धरलेले दोघे मामा गडबडून तिच्यामागे धावले. भटजींनी माईकवरून सांगितलं, की नवरीसमोरून कापड हलवायचं नाही, ती जिथं असेल तिथं धरा, नवऱ्या मुलाला राहू द्या आहे तिथं. त्यामुळे मामांनी पांढरं कापड मायलेकींच्या मध्ये ताणून धरलं.

"आई, कोण काय बोललं तुला?" कापडापलीकडून दीपालीनं विचारलं.

"कुणी न्हाई. तू जा वर. मुहूर्त चाललाय."

"तू उठल्याशिवाय मी जाणार नाही."

"दीपाली, असलं बोलू नगंस. पाय उचल आधी."

"नाही जाणार. लागलं नाही लग्न तरी चालेल."

कापड जमिनीपासून वीतभर वर होतं. खालून अनुसयाबाईंना लेकीची पावलं दिसत होती. बोटांची टोकं आधी कोब्यात गेली, मग मेंदीची वेल खालून वर एकेक पान कमी होऊ लागली. त्यांनी कापडाखालून दोन्ही हात घातले आणि तिचा घोटा घट्ट धरला. "रुसू नगं गं," त्या म्हणाल्या. "मला काय बी झालेलं न्हाई. मी तुझ्या पाया पडते, तू रुसू नगं." विहीणबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. भटजींनी घड्याळ बघून पहिलं मंगलाष्टक सुरू केलं, चारी बाजूंनी अक्षता पडू लागल्या, आणि अनुसयाबाईंच्या बोटांखाली कोबा नुकताच घातल्यासारखा मऊ लागत होता.