अर्धा शिक्का

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत रोड्सहून एक माणूस बोटीनं कालिम्नोसला आला आणि पोथिया बंदरात घरोघर जाऊन जुनी पाकिटं मागू लागला. नाव इओर्दानिस. रोड्सच्या पोस्टात आयुष्यभर शिक्के मारून निवृत्त झालेला, डोक्यावर विरळ केस, काखेत दोरीनं बांधलेली पुठ्ठ्याची पेटी. पत्रं त्याला नको होती. हवी होती ती फक्त पाकिटं, आणि तीही दोनच वर्षांतली. इटालियन गेले आणि ग्रीस अजून यायचा होता, त्या मधल्या काळात आमच्या बेटांवर इंग्रज लष्कराचा कारभार होता. तेव्हा पोस्टात इंग्लंडच्या राजाचीच तिकिटं मिळत. राजाच्या चेहऱ्यावर काळ्या शाईत वरून तीन अक्षरं छापलेली असत, एम. ई. एफ. बाकी काही वेगळं नाही.

कॉफीच्या दुकानातले म्हातारे त्याची टर उडवत. पत्र परत देतोस आणि पाकीट ठेवून घेतोस, खवले नेऊन मासा परत करणारा तूच पहिला, असं एकानं त्याला तोंडावर सांगितलं. इओर्दानिस हसला आणि म्हणाला, मासा तुमचा तुम्हीच खा, मला खवल्यांचीच आवड आहे.

ही बातमी थेमेलिनाच्या कानावर पहिल्याच दिवशी आली. ती सत्तावीस वर्षांची होती, आईबरोबर राहायची, कपडे शिवायची. शिलाई मशीनच्या खणात तिचा एक पत्र्याचा डबा होता, लहानपणी जमवलेल्या तिकिटांचा. तो घेऊन त्या माणसाकडे जावं, असं तिच्या मनात आलं आणि ती चार दिवस गेली नाही. डब्यातल्या एका निळ्या तिकिटात तिच्या वडिलांचा पत्ता होता. म्हणजे, असायला हवा होता.

त्या दोन वर्षांत आम्हा पोरांना तिकिटांचं वेडच लागलं होतं. लढाई संपलेली, खेळणी नाहीत, पोटात जेमतेम अन्न. पण पत्रं येऊ लागली होती आणि प्रत्येक पत्रावर एक राजा बसलेला असे. आम्ही पाकिटाचा कोपरा कापायचो, बशीभर पाण्यात भिजत घालायचो आणि सुटलेलं तिकीट उन्हात उंबऱ्याच्या दगडावर वाळवायचो. आमचा नियम एकच होता, राजाच्या तोंडावर शाई नको. ज्याचा चेहरा स्वच्छ, ते तिकीट भारी. शिक्क्यानं काळं झालेलं तिकीट तीन दिलीत तरी कुणी घेत नसे. शिक्क्यालाही काही किंमत असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

थेमेलिनाचा बाप मिकेस पाणबुड्या होता. सेहेचाळीस साली ईस्टर झाल्यावर स्पंजाच्या बोटी निघाल्या तेव्हा तोही गेला, आफ्रिकेच्या किनाऱ्याला. तिकडेही इंग्रज लष्कराचाच कारभार होता, तेच तिकीट, तीच तीन अक्षरं. सप्टेंबरात, क्रुसाच्या सणाच्या आदल्या दिवशी, त्याचं पत्र आलं. आई सेवास्तीला वाचता येत नव्हतं. पत्र घेऊन ती शाळामास्तरांकडे गेली, तर मास्तर संत्र्यांच्या बागेत वाथीला गेलेले, उद्या येतील म्हणाले शेजारी. तिनं पत्र आणून देवाच्या फळीवर ठेवलं आणि ती बंदरावर कामाला गेली.

दहा वर्षांच्या थेमेलिनानं स्टूल लावून पाकीट खाली घेतलं. इतका स्वच्छ राजा तिनं पाहिला नव्हता. शिक्का जवळजवळ सगळा पाकिटावर उमटला होता, तिकिटाच्या कोपऱ्याला नुसता चाटून गेला होता. स्पंज कातरायची आईची मोठी कात्री घेऊन तिनं कोपरा कापला, मग शिक्क्याच्या बाजूची काळी पट्टी छाटून चुलीत टाकली, कारण ती कुरूप दिसत होती. पाकीट होतं तसं फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले. पत्र मिकेसच्या हातचं नव्हतं, त्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. "मी इथे इस्पितळात आहे," मास्तरांनी वाचलं. "यंत्रानं मारलं. कमरेखाली काही कळत नाही. तुझ्या भावाला, साकेलारिसला पाठवा, मला घरी घेऊन जायला. माणसं चांगली आहेत पण त्यांची भाषा कळत नाही. पोरीला पापा." पाणबुड्याचा पोशाख आणि पितळी टोप चढवून खोल गेलेला माणूस वर येताना लुळा पडला की आमच्याकडे म्हणत, यंत्रानं मारलं. त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नसे.

मास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. मग म्हणाले, "इथे म्हणजे कुठे? पाकीट आण बघू."

पाकिटाच्या कोपऱ्याला चौकोनी भोक होतं. मागच्या बाजूला शिक्का होता तो आपल्याच पोथियाचा, पत्र पोचल्याचा. सेवास्तीला आठवेना की पत्र आलं तेव्हा ते भोक होतं की नव्हतं. जे वाचता येत नाही त्याच्याकडे माणूस नीट बघतही नाही. पोस्टवाल्यांनीच फाडलं असेल, ती म्हणाली. थेमेलिना दाराशी उभी होती. उंबऱ्यावर राजा वाळत होता.

ऑक्टोबरात बोट परत आली. कप्तानानं सांगितलं की मिकेसला आम्ही तोब्रुकला उतरवला, तिथून इंग्रजांच्या लॉरीनं त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. मोठं इस्पितळ म्हणजे बेंगाझी, दुसरं कुठलं असणार. नोव्हेंबरात सेवास्तीचा भाऊ साकेलारिस मिळेल त्या बोटीनं निघाला. बेंगाझीत तो अकरा दिवस हिंडला. इस्पितळांच्या दारात मिकेसचं नाव घेऊन उभा राहिला, एका इंग्रज नर्सला मिकेसचा लग्नातला फोटो दाखवला. नाताळच्या आधी तो एकटा परत आला. पुढच्या वर्षी पाद्रीबुवांनी लिहिलेल्या अर्जाला उत्तर आलं, या नावाचा माणूस नोंदीत नाही.

आमच्याकडे पुरलेल्या माणसाला तीन वर्षांनी वर काढतात. त्याची हाडं वाइननं धुऊन, पेटीत घालून, देवळात आपल्या माणसांशेजारी ठेवतात. ते झालं की मेलेला माणूस घरी आला असं आम्ही मानतो. सेवास्तीनं मिकेससाठी सायप्रसच्या लाकडाची पेटी करून घेतली, तिच्यावर नाव घातलं आणि ती रिकामी पेटी देवळात ठेवली. दरवर्षी बेंगाझीकडे जाणाऱ्या बोटीबरोबर ती तिथल्या ग्रीक देवळात मिकेसच्या नावानं दिवा लावायला तेलाची बाटली पाठवी. असं सोळा वर्षं चाललं होतं, आणि सोळा वर्षं थेमेलिना ती बाटली कप्तानाच्या हातात देऊन येत होती.

इओर्दानिस आल्याच्या पाचव्या दिवशी थेमेलिना डबा घेऊन गेली. इओर्दानिस दोर आणि नांगर विकणाऱ्याच्या वरच्या खोलीत उतरला होता. डबा उघडताच त्यानं कपाळावर हात मारला.

"हे कुणी केलं?"

"मी. दहा वर्षांची होते, कीर इओर्दानिस," ती अदबीनं म्हणाली.

"दहाची होतीस म्हणून सोडतो. मोठ्या माणसानं केलं असतं तर त्याचे कान कापून बशीत भिजत घातले असते."

मग तो मऊ झाला. तिला खुर्ची दिली, स्टोव्हवर कॉफी ठेवली आणि बोलत सुटला. हाच राजा रोड्सला, हाच अस्माराला, हाच मोगादिशूला, हाच बेंगाझीला. लाखांनी छापलेत. नुसतं तिकीट कुणी फुकट दिलं तरी मी घेत नाही. कुठून निघालं ते फक्त शिक्का सांगतो, आणि तुम्ही पोरांनी सगळ्या बेटांवर नेमका तोच छाटून टाकलात. घरोघर हेच बघतोय.

थेमेलिनानं कागदात वेगळं गुंडाळलेलं निळं तिकीट त्याच्यापुढे ठेवलं. हे कुठलं ते सांगता येईल का, एवढंच तिनं विचारलं.

त्यानं भिंग लावलं. कोपऱ्यावर शाईची एक बारीक कमान होती, एखाद्या नखाएवढी. अक्षर एकही नव्हतं. तिनं स्वतः ती कमान हजार वेळा पाहिली होती. इओर्दानिस खिडकीपाशी गेला, परत आला, मग पेटीची दोरी सोडून त्यानं तीन पाकिटं काढली आणि ओळीनं मांडली. तिन्हींवर गोल शिक्के होते. त्यानं टाचणीच्या टोकानं दाखवलं.

"ही कड बघ. खाली उजवीकडे तुटलीय. कुणाच्या तरी हातून शिक्का फरशीवर पडला असणार. इथे तुटलीय, इथेही, आणि इथेही. आता तुझी बघ."

तिच्या कमानीत तेवढ्याच जागी तेवढीच फट होती.

"असा तुटका शिक्का मी एकाच पोस्टाचा पाहिलाय," तो म्हणाला. "दर्ना."

"बेंगाझी नाही?"

"बेंगाझीची माझ्याकडे चाळीस आहेत. एकाचीही कड तुटलेली नाही. दर्नाच. पैजेवर सांगतो." त्याचे डोळे चमकत होते. "अगं, या कोपऱ्यावरून ओळखणारा माझ्याशिवाय कुणी सापडायचा नाही. याचं पाकीट असतं ना, तर..."

"पाकीट आहे," थेमेलिना म्हणाली.

"आहे? मग आण की! भोकात तिकीट बसवून बघू, बरोबर बसेल."

तिनं मग त्याला सांगितलं. थोडक्यात सांगितलं, पत्रात काय होतं, पट्टी चुलीत कशी गेली आणि मामा कुठे जाऊन आला. इओर्दानिस ऐकता ऐकता खाली बसला. त्यानं भिंग मिटून खिशात घातलं. निळं तिकीट पुन्हा कागदात गुंडाळून त्यानं तिच्या हातात दिलं. मग तो म्हणाला की कॉफी उतू गेली.

ती घरी आली तेव्हा आई आणि साकेलारिस मामा जेवत होते. मामा थकला होता, दात गेले होते. जवाचे कडक टोस्ट पाण्यात बुडवून मऊ करून खायचा. थेमेलिनानं डबा टेबलावर ठेवला. सोळा वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तिला सापडेना, म्हणून तिनं शेवटाकडून सुरुवात केली.

"बाबा बेंगाझीला नव्हते. दर्नाला होते. पत्र दर्नाहून आलं होतं." मग ती पुढे म्हणाली, "पाकीट मी कापलं, आई. तिकिटासाठी. पोस्टवाल्यांनी नाही. मी."

त्याच वेळी मामाच्या हातातला टोस्ट वाटीत पडला.

"दर्ना?" मामानं विचारलं. "नक्की दर्ना?"

थेमेलिनानं होकारार्थी मान डोलावली.

"दर्नाला आम्ही थांबलो होतो," मामा म्हणाला. तो आईकडे बघत नव्हता, वाटीकडे बघत होता. "तोब्रुकहून पुढे जाताना. वारा समोरचा होता. कप्तान म्हणाला, पाणी भरून घेऊ, उद्या निघू. दोघं जण पिंपं घेऊन उतरले. मलाही म्हणाले, चल, पाय मोकळे कर. मी नाही गेलो. मिकेसचे कपडे होते माझ्याजवळ, तूच दिलेले, लोकरी बंडी आणि ते नवे बूट. बोटीवरची माणसं अनोळखी. बोचकं टाकून कसा जाऊ? रात्रभर बोचक्यावर बसून होतो."

थेमेलिनाला वाटलं, आता आई ओरडेल. तिच्यावर, मामावर, कुणावर तरी. तिनं दोन्ही हात टेबलावर टेकवले होते, लहानपणी छडीसाठी पुढे करायची तसे.

"आई, कात्री मी घेतली होती," ती पुन्हा म्हणाली.

"थांब जरा." आईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिनं खुर्ची भावाजवळ ओढली. "बोटीवरून किनारा दिसत होता?"

"दिसत होता की. जवळच होतो."

"काय काय होतं?"

"खजुराची झाडं. पांढरी घरं. डोंगरातून एक ओढा येत होता, तिथूनच पाणी भरलं."

"आणि इस्पितळ?"

"सेवास्ती, तिकडचं इस्पितळ कसं दिसतं मला काय ठाऊक?"

"लांबट घर होतं का एखादं? पुष्कळ खिडक्यांचं?"

"असेल."

"असेल नको. होतं का?"

मामानं डोळे मिटले. थेमेलिनाला दिसलं की तो खरोखर आठवायचा प्रयत्न करतोय, सोळा वर्षांपूर्वीच्या त्या किनाऱ्यावर एकेक घर शोधतोय. मग त्यानं डोळे उघडले आणि नकारार्थी मान हलवली. मी पश्चिमेकडे तोंड करून बसलो होतो, तो म्हणाला, बेंगाझीकडे.

आईनं त्याच्यापुढची वाटी बाजूला सारली. टेबलावरचा डबा, मीठ, ब्रेड, सगळं तिनं एका हातानं दूर केलं आणि मधली मोकळी लाकडी जागा त्याला दाखवली.

"हा समुद्र धर," ती म्हणाली. "तुमची बोट कुठे होती ते दाखव. आणि पहिल्यापासून सांग. नांगर टाकला तेव्हा ऊन होतं की गेलं होतं?"

मामानं बोट लाकडावर ठेवलं आणि तोब्रुकपासून सुरुवात केली. थेमेलिना उभीच होती. तिला कुणी बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.