हाडाला धरलेलं मटण

नर्सबाई स्वभावाने वाईट नव्हती, पण त्या दिवशी मला तिचा असा राग आला की हातातली कपबशी आपटायचीच काय ती बाकी होती. तिने माझ्या सासऱ्यांचं वजन केलं, दंडाची कातडी चिमटीत धरून बघितली आणि आम्हा नवरा-बायकोला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "सोमवारी सकाळी येते मी. तोवर तोंडाने खायला लागले तर उत्तम. नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल."

"घाला की," आमचे हे म्हणाले. "पोटात काहीतरी गेल्याशी मतलब."

"पण ते नळी उपसून काढणार. म्हणून दोन्ही हात पलंगाला बांधावे लागतील. मऊ पट्ट्या असतात, टोचत नाहीत."

"हात बांधणार?" माझा आवाज चढला. "का? चोर आहेत का ते?"

"अगं, हळू बोल," हे म्हणाले.

मी हळू बोलणाऱ्यातली नाहीच मुळी. बाहेर खिडकीपाशी बाबा बसले होते आणि समोरच्या टेबलावर त्यांचे हात चालू होते. न दिसणारा सुरा चालवायचा, न दिसणारा तुकडा तराजूत टाकायचा, मग खराखुरा जुना पेपर ओढून त्यात काहीच नसलेलं नीट बांधून द्यायचं. जन्मभर त्यांनी मटणाचं दुकान चालवलं. आमच्या ह्यांना रक्त बघून भोवळ येते, म्हणून हे चष्म्याच्या दुकानात नोकरीला लागले आणि बाबांचं दुकान कधीच विकलं गेलं. पण बाबांच्या डोक्यात ते अजून उघडंच होतं. मुलगा म्हणजे समोरचा हॉटेलवाला, आणि मी रोजची गिऱ्हाईक. "या ताई, आज काय देऊ?" असं मला विचारायचे. नाव गेलं, घर गेलं, वार-महिने गेले, बायको गेलेली तेही गेलं. त्यांचं म्हणून उरलं होतं ते हातांत. तेच बांधून टाकल्यावर माणसात राहणार काय, हे मला कुणी सांगावं.

खायचं म्हणाल तर नाकी नऊ आणले होते त्यांनी. सूप दिलं की "हे आजाऱ्याला द्या" म्हणून सरकवायचे. कुस्करलेला बटाटा थुंकून टाकायचे. खिमा करून दिला तर वाटीत बघून म्हणाले, "कशाचा आहे कुणास ठाऊक. ज्या मटणात हाड दिसत नाही ते मी दारातसुद्धा घेत नाही." हाडासकट द्यावं तर तोंडात एक दात नाही. कवळी होती, ती त्यांनी गिऱ्हाइकाची म्हणून पेपरात गुंडाळून कुणाला तरी देऊन टाकली. आजवर सापडलेली नाही.

मी एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला आहे. तिथे माझ्या शेजारी उभी राहते तिला आम्ही सगळ्या भोपळी म्हणतो आणि ती ओ देते. मी रडकुंडीला येऊन चादरी दाबत होते, तर ती म्हणाली, "एवढंच ना? डुकराच्या बरगड्या आण. स्लो कुकरमध्ये घाल, वर काळं कोल्ड्रिंक ओत, आणि विसरून जा. संध्याकाळी हाड नुसतं उचललं तरी मांस खाली राहतं. माझ्या आजेसासूने हिरड्यांनी खाल्लंय."

"कोल्ड्रिंक? मटणात? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"करून तर बघ. नाही जमलं तर चार शिव्या घाल मला."

तिने आपला स्लो कुकरही दिला, वर बजावलं, "झाकण उघडून बघत बसू नकोस. तुझा तो स्वभाव मला माहीत आहे. उघडलंस की वाफ गेली, आणि वाफ गेली की तास वाया."

रविवारी सकाळी मी बरगड्यांच्या दोन पट्ट्या आणल्या. आतल्या बाजूला एक पांढरा पातळ पडदा असतो, तो काढायचा म्हणून नखाने खरवडत होते आणि तो मेला काही सुटेना. तोंडाने माझं चालूच होतं. इतक्यात बाबा मागे येऊन उभे राहिले. त्यांनी मला खांद्याने बाजूला केलं, कोपऱ्यावर बोट घातलं, फडक्यात टोक धरलं आणि एका ओढीत अख्खा पडदा काढून टाकला. दुसऱ्या पट्टीचाही. मग पट्टीवर अंगठा दाबला, नाकाशी नेली आणि म्हणाले, "माल चांगला आहे, ताई. कुणाकडून घेतलात?"

"तुमच्याकडूनच की," मी म्हटलं.

ते खुदकन हसले. किती दिवसांनी हसले ते! माझ्या पोटात आनंद मावेना. एक पट्टी फ्रीजमध्ये ठेवली, दुसरीचे तुकडे करून मीठ, मिरपूड, लसूण चोळलं, कुकरमध्ये कांद्यावर रचले, वर बाटलीभर कोल्ड्रिंक ओतलं. ते असं फसफसलं की मला वाटलं, झालं, संपलं मटण. झाकण लावलं आणि दिवसभर त्याच्याभोवती येरझाऱ्या घातल्या. एकदा हात गेलाच झाकणाकडे, तर हे म्हणाले, "भोपळीला फोन लावू का?" मग मी मुकाट्याने कपडे वाळत घालायला गेले.

दुपार उलटल्यावर घरभर गोडसर, खमंग वास सुटला. मी तुकडे हळूच काढले, बार्बेक्यू सॉस माखला आणि सॉस चिकट होईपर्यंत ओव्हनमध्ये वरच्या आचेखाली ठेवले. बाबा आपण होऊन उठले. कुणी हात न धरता येऊन खुर्चीवर बसले. यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी यांच्याकडे. मी बशी समोर ठेवली.

बाबांनी हाड दोन बोटांत धरून उचललं. हाड तेवढं वर आलं, पांढरं स्वच्छ. मांस बशीतच राहिलं. मी तर त्यासाठीच दिवसभर जीव टाकला होता.

बाबांचा चेहरा बदलला. त्यांनी दुसरं हाड उचललं, तिसरं उचललं. मग बशी लांब सारली.

"हा माल गेलाय," ते म्हणाले.

"शिजलंय ते, बाबा! मऊ शिजलंय!"

"मांस हाड सोडतंय. हाडाला धरत नाही ते मटण विकायचं नसतं. कुणी दिलं हे तुम्हाला?"

त्यांनी कधी चूल पेटवली नव्हती. दुकानात कच्चा माल, घरी सासूबाईंच्या हातचं ताट. आता घर पुसलं गेलं होतं आणि नुसतं दुकान उरलं होतं, त्यात शिजलेलं असं काही नव्हतंच. हे मला तेव्हा कळायला हवं होतं, पण माझं डोकं फिरलं होतं. "बघा, मी खाते," म्हणून मी एक तुकडा उचलला. त्यांनी माझं मनगट असं पकडलं की तुकडा खाली पडला. एवढा जोर कुठून आला त्या काड्यांत!

"ताई, ऐका माझं. घरी लेकरंबाळं असतील तुमच्या. हे नेऊ नका. माझ्या दुकानातून असला माल बाहेर जाणार नाही."

आणि त्यांनी सगळं मटण, सगळंच्या सगळं, पेपरात गुंडाळलं, दोरा नव्हता तर पेपराचंच टोक आत खोचलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. परत येऊन हात पुसले. त्यांच्या पोटात सकाळपासून दोन चमचे पाणी होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. हे मला धरून आत घेऊन गेले. आत गेल्यावर मला एकदम सुचलं की हाडाला धरलेलं हवं ना, मग धरलेलं देऊ. फ्रीजमधली पट्टी काढली आणि नुसती ओव्हनमध्ये भाजली. बाहेर आणली तेव्हा मांस हाडाला घट्ट धरून होतं.

बाबांनी तुकडा हातात घेतला, वाकवून बघितला. डोळे लकाकले. "याला म्हणतात माल!" त्यांनी तो तोंडात घातला आणि माझा जीव भांड्यात पडला. मी मनातल्या मनात नर्सबाईला परत पाठवूनसुद्धा टाकलं.

ते चघळत राहिले. हिरड्या वर-खाली होत होत्या, गालाचा खळगा आत-बाहेर होत होता. मांस काही तुटत नव्हतं. खूप वेळाने त्यांनी हळूच तुकडा तोंडातून काढला, आम्ही बघत नाही ना ते बघितलं आणि बशीच्या आड ठेवून दिला. हे उठून गॅलरीत गेले.

मऊ केलं की नासकं, आणि नासकं वाटू नये म्हणून कडक ठेवलं की चावत नाही. या दोन्हींच्या मधलं काही शिजवता येतं का, हे मी नंतर भोपळीला विचारलं. ती नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

बाबांनी बशी माझ्याकडे सरकवली. "तुम्ही खा, ताई. चांगला माल आहे. बघून दिलाय."

मी खाल्लं. दुसरं काय करणार? ते कौतुकाने बघत बसले. मी घास गिळला की त्यांच्याही गळ्याची घाटी हलायची. मी एकेक हाड साफ केलं, डोळ्यांतलं पाणी बशीत पडत होतं तरी थांबले नाही, कारण मी थांबले की ते विचारायचे, "का, बरं नाही लागलं?"

सोमवारी नर्सबाई आली. तिने यांना विचारलं, यांनी मान हलवली. नळी घालताना मी बाबांचं डोकं छातीशी धरलं. ते गुदमरले, रडले लहान मुलासारखे, मग दमून शांत झाले. आणि नर्सबाईने पिशवीतून पट्ट्या काढल्या.

"द्या इकडे," मी म्हटलं. "कुणी परक्याने नाही बांधायचे."

मी पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांचा डावा हात मांडीवर घेतला. पांढरी पट्टी बघताच बाबांनी स्वतःहून मनगट पुढे केलं. दुकानात सुरा लागला की सासूबाई अशीच पट्टी बांधायच्या. दर आठवड्याला एखादं बोट असायचंच.

"घट्ट बांध गं," ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी ताई नव्हते. "रक्त थांबलं पाहिजे. गिऱ्हाईक उभं आहे."

"बांधते," मी म्हटलं. गाठ मारली आणि टोक पलंगाच्या दांडीला अडकवलं. त्यांनी ते बघितलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, अगदी ओळखीचं.

मग मी त्यांचा उजवा हात घेतला.

"अगं," ते म्हणाले, "हा नाही कापला."

"माहीत आहे मला," मी म्हटलं आणि तोही बांधला.