मिश्रीवर घोंगडं

पांढरा धूर दिसला तर थांबून बघायचं. काळा दिसला तर माणसं बाहेर काढायची. तपकिरी धुराबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं.

अक्कलदाढ येताना ताप येतो म्हणतात. मला आला नाही. दाढही आली नाही.

ओलं घोंगडं एकट्याने उचलू नये.

कापूरहोळच्या पुढे एसटी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, "धक्का मारायला उतरा." मला वाटलं, बाकीच्यांना म्हणतोय.

भुलीचं इंजेक्शन घेतल्यावर आपल्याला ओठ आहे की नाही ते कळत नाही. हे मला काकीने सांगितलं, ओठ नसल्यासारखंच.

आता सरळ सांगतो.

त्या एसटीने मी भोरला कॉलेजात पोचलो तेव्हा करिअर सप्ताह सुरू झाला होता. सोमेश्वर सरांनी टेबलावर चिठ्ठ्या मांडल्या होत्या. प्रत्येकाने दोन उचलायच्या आणि त्या त्या ठिकाणी एकेक दिवस जाऊन काम बघायचं. पोलीस, बँक, तलाठी, कॉम्प्युटर, सगळं उचललं गेलं होतं. उरलं होतं अग्निशमन आणि दंतवैद्यक.

"सर, ह्या दोन्हीत सारखं काय आहे?"

"लोक बोलावतात तेव्हा फार उशीर झालेला असतो," सर म्हणाले. "तुला जमेल. उशिराची सवय आहेच."

मी ही गंमत फोनवर वडिलांना, म्हणजे आबांना सांगितली. आबांनी ती गंमत म्हणून घेतली नाही.

"रविवारी घरी यून सांगायचं, दोन्हीतलं कोनचं. न्हाई सांगितलं तर सोमवारी शिवऱ्याला. मामाला ढाब्यावर मानूस पायजे."

मामाच्या ढाब्यावर मी एका दिवाळीत काम केलं आहे. मामा भांडी घासणाऱ्याला मॅनेजर म्हणतो. तिथे असे तीन मॅनेजर होते आणि त्यातला एक मी. परत जायचं नव्हतं. म्हणजे मला आठवड्याभरात एकतर आग आवडायला हवी होती, नाहीतर दात.

आग.

मैदानात एका पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलं होतं. बंबावरच्या साहेबांनी लाल सिलिंडर माझ्या हातात दिला. पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाला धरायची, दाबायचं, झाडू मारल्यासारखी फिरवायची. मी पिन ओढली, दाबलं आणि साहेबांचे बूट पांढरे केले. तोवर डिझेल संपून आग विझली. टाळ्या वाजल्या. पहिली टाळी माझी होती. जाताना साहेब म्हणाले, "घरात तव्याला, कढईला आग लागली तर पाणी मारायचं नाही. ओलं, जाड कापड टाकून झाकायची." हे मात्र मी पाठ केलं.

दात.

डॉक्टर शेफाली मॅडमच्या दवाखान्यात टेबलावर प्लॅस्टरचा जबडा होता. मी तो दिवसभर उघडला, मिटला, त्याच्याकडून थोडं बोलवून घेतलं. पेशंट आला की मॅडम मला बाहेर बसवायच्या, त्यामुळे माझी भेट फक्त त्या जबड्याशी झाली. त्याला माणूस जोडलेला नव्हता. मला दंतवैद्यक फार आवडलं.

गुरुवारी घरी निघालो तेव्हा पारडं दाताकडे झुकलं होतं. 'डॉक्टर सार्थक' असं मनात म्हणून बघत मी डोंगर चढत होतो. आमची वस्ती वेल्ह्याच्या वर आहे, चार घरं आणि शेरडा-मेंढरांचे वाडे. वळणावरून वर पाहिलं तर काकीच्या छपरातून धूर निघत होता. तपकिरी.

मी पळालो. पळताना ओरडायचं काय, ते शिकवलेलं आठवलं: "सगळ्यांनी शांत राहा!" अंगणात फक्त शेळ्या होत्या आणि त्या शांतच होत्या. आबांचं घोंगडं दांडीवर वाळत होतं. ते ओढलं, गुरांच्या हौदात बुचकळलं, कसंबसं खांद्यावर घेतलं, खोकत आत शिरलो आणि चुलीवर टाकून दिलं.

धुरातून काकी उभी राहिली.

"मुडद्या! चार घरची मिश्री व्हती!"

आमच्याकडे बायका दात घासायला मिश्री लावतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, मग चुरायची. चारही घरची मिश्री फुलाकाकीच भाजते, आणि ती भाजताना धूर होतोच. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या दिवशी माहीत नव्हतं.

"काकी, धूर दिसला म्हणून..."

"मिश्री भाजल्याव धूर न्हाई तर काय आत्तर उडंल व्हय रं? आता दाताला काय घासू, तुजं करिअर?"

शेजारच्या बनाबाई दारात आल्या, चुलीकडे पाहिलं आणि आणलेली डबी रिकामीच परत घेऊन गेल्या. तंबाखू आता पुढच्या बाजारालाच मिळणार होती.

शुक्रवारी दुपारपर्यंत काकीचा गाल लिंबाएवढा सुजला. तिची एक दाढ बरीच वर्षं किडलेली होती आणि मिश्रीने ती गप्प बसवली होती. मिश्री गेली, दाढ बोलू लागली.

"तू उठीवलीस," काकी गाल धरून म्हणाली, "आता तूच निजीव."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं, संधी आली. काकीला खुर्चीत नीट बसवून धीर दिला, म्हणजे दात पक्के. रविवारी आबांना सांगायचं उत्तर तयार.

शनिवारी टेम्पोने वेल्ह्याला, तिथून एसटीने भोरला. काकी खुर्चीवर अशी टेकली की कधीही उठून पळता यावं.

"तोंड उघडा, मावशी."

"परक्या मानसाफुडं?"

"मी डॉक्टर आहे."

"तुमचं न्हाई वो म्हनत. ह्येचं म्हनते." आणि तिने माझ्याकडे बोट केलं.

शेवटी पदर आडवा धरून तिने तोंड उघडलं. मी पहिल्यांदाच माणूस जोडलेला जबडा आतून पाहिला. मॅडमनी इंजेक्शन हातात घेतलं. मी काकीचा हात धरला आणि म्हणालो, "घाबरू नको, मी आहे."

एवढं बोललो आणि नव्हतो.

डोळे उघडले तेव्हा पाठीखाली गार फरशी होती. दवाखान्यातल्या मोहिनीताईंनी माझे पाय स्टुलावर ठेवले होते. वर काकीचा चेहरा होता, अर्धा लोंबणारा. ती गळ्यात कागदी रुमाल तसाच ठेवून खुर्चीतून उठली होती आणि मला तांब्यातलं पाणी मारत होती.

"दाढ निघाली?"

"निगंल कशी? डाक्टर तुला उचलत व्हत्या."

मग मला बाकावर आडवं ठेवून दाढ काढण्यात आली. काकीने हूं की चूं केलं नाही. मी केलं असावं, कारण मोहिनीताईंनी मध्येच दार लावून घेतलं.

"आता मिश्री कायमची बंद," मॅडम काकीला म्हणाल्या.

"ह्यानं केलीच की," काकी कापूस चावत म्हणाली.

रविवारी आबा अंगणात बसले. काकीही येऊन बसली. एसटीत मी एक भाषण तयार केलं होतं, त्यात 'क्षेत्र' हा शब्द चार वेळा होता.

"बोल," आबा म्हणाले. "आग का दात?"

मला भाषणातलं फक्त 'क्षेत्र' आठवलं.

"मामाला फोन लावतो," आबांनी मोबाईल काढला.

"थांबा भावजी," काकी म्हणाली. "दात बगून पडला, ते खरं. पन धुराकडं पळत आला. म्या आतनं बगत व्हते. येड्यावानी आला, पन आला."

"तितं आग नव्हती."

"त्येला कुटं ठावं व्हतं?"

माझ्या बाजूने आजवर कोणी एवढं बोललं नव्हतं. त्यातही मी येडा होतो, पण चालतं.

"आग," मी म्हणालो.

आबांनी मोबाईल खाली ठेवला. "मानूस खांद्यावर घिऊन पळाया लागतं म्हनं त्यात?"

"व्हय."

आबा उठले, धोतराचा सोगा खोचला. "मग घे."

आबांना खांद्यावर घेऊन मी मेंढरांच्या वाड्यापर्यंत गेलो. तिथे गुडघे मोडले आणि आम्ही दोघंही लेंड्यांत बसलो. काकीला हसता येत नव्हतं, ती गाल धरून हसली. आबांनी बसल्या जागेवरूनच शिवऱ्याला फोन लावला आणि म्हणाले, "दुसरा मॅनेजर बगा."

तसंही दाताला सायन्स लागतं, बारावी मी कॉमर्सने केली होती.