अंगणवाडीच्या भिंतीवरचा नारिंगी ऑक्टोपस

हो, मी ऑक्टोपसच बोलतोय. समुद्र मी कधी पाहिला नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. माझा जन्म शेंदूरजनाघाटच्या एका अंगणवाडीच्या भिंतीवर झाला. पाणी म्हणाल तर समोरच्या हापशीचं.

मला काढलं निखतने. अमरावतीचे पाट्या रंगवणारे इनायतुल्ला, त्यांची ही लेक. वडिलांशिवाय घेतलेलं तिचं हे पहिलंच काम. पोपट झाला, एसटी झाली, संत्र्याचं झाड झालं. समुद्रातलंही एक काहीतरी हवं, म्हणून तिने मोबाइलवर मला शोधलं. संत्र्यांसाठी आणलेला रंग उरला होता, म्हणून मी नारिंगी. हातांवरच्या गोल वाट्या तिने बांगडी रंगात बुडवून उठवल्या. एकही फिसकटली नाही. इतका देखणा ऑक्टोपस समुद्रात तरी असेल का, मला शंकाच आहे.

पण शेजारच्या मनोजभाऊंची आचल मला पाहून भोकाड पसरून रडली. भाऊ तणतणत आले. "हे काय भूत काढून ठेवलं? उद्या चुनाच मारतो याच्यावर!"

निखतचा चेहरा उतरला. पहिल्याच कामावर चुना बसला, तर पुढे तिला एकटीला भिंत कोण देणार?

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. भिंतीवर नाग काढून पुजायची इथली रीत. म्हाताऱ्या पार्बताबाईंना तर आयतेच आठ वळवळते नाग दिसले. त्यांनी हळद-कुंकू वाहिलं, लाह्या ठेवल्या, हात जोडले. एसटीला कोणी साधं फूलसुद्धा वाहिलं नाही.

तेवढ्यात मनोजभाऊ बादली घेऊन हजर. पार्बताबाई कडाडल्या, "नागोबावर चुना? अन् तोही आज?"

भाऊंनी बादली खाली ठेवली. उरलेलं काम संपवायला आलेली निखत तिथेच उभी होती. ती गप्प राहिली असती, तर मी वाचलोच होतो. पण खोट्याच्या आधाराने आपलं चित्र टिकावं, हे तिला पटेना.

"मावशी, हा नाग नाई. समुद्रातला ऑक्टोपस हाये. हे त्याचे हात हायेत."

भाऊंनी ब्रश उचलला. माझे आठही हात गार पडले.

पार्बताबाईंनी मला खालून वर न्याहाळलं. "ऑक्टोपस तं ऑक्टोपस. मी पुजलं ना त्याले? पुजलेल्याले चुना लावते का कोणी, बाप्पा? आन त्या पोरीले इकडं."

त्यांनी आचलचं बोट कुंकवात बुडवलं. ती भीतभीत माझ्या एकेका हाताला कुंकू लावत गेली आणि आठव्याशी खुदकन हसली. "बाबा, याले चुना नोका लावू."

भाऊ बादली घेऊन गेले, ते आपल्या घराचा ओटा रंगवायला.

आता सगळ्यांना मी कोण ते ठाऊक आहे, तरी दर नागपंचमीला लाह्या येतात. पोरं माझ्या हातांवर आठपर्यंत मोजायला शिकतात. निखतला वरुडपासून बडनेऱ्यापर्यंत भिंतींची बोलावणी असतात. माझा रंग उन्हाने थोडा विटलाय, ऐट मात्र तीच आहे.

इकडे आलात तर भेटून जा. नाग म्हणालात तरी मला राग नाही. फक्त माझ्या आठव्या हाताखाली बारीक अक्षरांत 'निखत' लिहिलंय. तिथे कुंकू लावताना जरा जपून. नाव दिसलं पाहिजे.