माडीवर गेलेली तळी

मी एक जुनी तळी आहे. पाणी साठतं ती तळी नव्हे. मी जात्याची वरची तळी, फिरणारी. खालची तळी नुसती बसून राहते आणि पीठ पडलं की नाव दोघींचं होतं, हे मला कधीच पटलं नाही. पण ते असो. मित्रांनो, आज मी शहापुरात एका जिन्याच्या पायथ्याशी आहे आणि येणारेजाणारे माझ्यावर चपला झटकतात. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक! दळणाऱ्या तळ्या घरोघरी होत्या. माडीवर जाऊन माणसाच्या अंगात बळ आणणारी मी एकटीच.

माझा जन्म मुरबाडकडच्या डोंगरातला. वाळू नावाच्या पाथरवटाने मला काळ्या दगडातून काढलं. टाकीचे घाव मी कसे सोसले वगैरे मी सांगणार नाही. दगडाला घाव सोसायला काय लागतं? उलट वाळू दर चार घावांनंतर थांबून बोटं चोखायचा, तेव्हा सोसलं असेल तर त्यानेच. त्याने मला गोल केलं, मधोमध घास घालायला तोंड दिलं, कडेला खुंट्याचं भोक पाडलं आणि बैलगाडीत घालून सापगावची नदी ओलांडून शहापूरच्या बाजारात आणलं. तिथे मला गुणाबाईने पसंत केलं.

गुणाबाईच्या घरी मी बारा वर्षं फिरले. नाचणी दळली, तांदूळ दळले, लग्नघरची हळद दळली. हळदीच्या दिवशी माझ्या खुंट्याला आंब्याची डहाळी बांधत आणि पाच सुवासिनी एकदम हात लावत. त्या दिवशी मी जरा जास्तच तोऱ्यात फिरत असे, हे कबूल करते. एरवी गुणाबाई एकटीच दळायची आणि गायची. तिची ओवी लांबली की माझा फेरा लांबायचा, तिचा श्वास सुटला की माझ्यातून पीठ सुटायचं.

मग एक दिवस फणसाचा ओंडका घरंगळत आला आणि माझ्या खालच्या तळीवर पडला. ती दुभंगली. गुणाबाईने शेजारणीला सांगितलं, "जातं वाढलं गो." मित्रांनो, आपल्याकडे बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळसुद्धा वाढवतात. जात्यालाही गुणाबाईने तोच मान दिला. माझ्या जोडीदारणीचे तुकडे तिने नदीत सोडले आणि मला जिन्याखाली ठेवलं. गावात पिठाची चक्की नुकतीच आली होती. नवीन जोड करून घेण्याचं कोणाच्या मनातही आलं नाही. मी तिथे वर्षभर होते. माझ्या तोंडात पालीने अंडी घातली. याहून जास्त मी त्या वर्षाबद्दल बोलत नाही.

ही पुढची गोष्ट एकोणीसशे अडतीस सालची. फाल्गुनात मुरबाडकडच्या एका पाड्यावरून चार माणसं डोली घेऊन आली. डोलीत जिवली नावाची तरुण बाई होती. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन उतरताना ती खडकावरून घसरली होती आणि उजव्या नडगीचं हाड मोडलं होतं. शहापूरच्या डॉक्टरांनी हाड बसवून फळ्या बांधल्या आणि दर आठ दिवसांनी दाखवायला सांगितलं. एवढ्या लांबून दर खेपेला कोण आणणार? म्हणून डोलीबरोबर आलेला तिचा नवरा अनंता याने गुणाबाईची माडी भाड्याने घेतली. खाली गुणाबाईची चूल आणि भाताच्या गोण्या, दुसरी जागाच नव्हती. चौघांनी जिवलीला कसंबसं वर चढवलं आणि ते गावाला परत गेले.

अनंता दिसायला उंच, पण दोन वर्षांच्या हिवतापाने पार पिळून निघालेला. त्याला कचेरीत पंखा ओढायचं काम मिळालं. दोरी ओढायची आणि सोडायची, एवढंच. तेही तो बसून करायचा.

आठ दिवसांनी दवाखान्यात जायची वेळ आली. आमचा जिना उभा, शिडीचा सख्खा भाऊ. अकरा पायऱ्या, आणि एका वेळी एकच माणूस मावेल एवढा अरुंद. अनंताने जिवलीला दोन्ही हातांवर घेतलं आणि उतरायला लागला. मी खालीच होते, मला सगळं दिसत होतं. चौथ्या पायरीवर त्याने भिंतीला खांदा टेकला. पाचव्या पायरीवर तो तिच्यासकट धप्पकन खाली बसला. जिवलीची किंकाळी सबंध आळीने ऐकली.

डॉक्टरांनी हाड पुन्हा बसवलं आणि बजावलं, "आता सहा आठवडे हिला हलवायचं नाही. मग इथे आणा, फळ्या काढू. पण मध्ये असा एक जरी हिसका बसला, तर हा पाय आखूड राहील. मग मला विचारू नका."

त्या दिवशी दवाखान्यातल्या दोन गड्यांनी जिवलीला खुर्चीला बांधून वर नेलं. जिना इतका अरुंद की खुर्ची तीनदा भिंतीवर आपटली आणि जिवलीने पदर दातांत धरला. वर गेल्यावर ती म्हणाली, "आता उतरंन तं तुमच्याच हातावरनं. दुसऱ्या कोनाचा हात नको."  अनंता खाली येऊन जिन्याखाली बसून राहिला, अगदी माझ्या शेजारी. आखूड पायाच्या बाईला भात लावताना आवणीच्या चिखलात उभं राहता येत नाही, आणि त्यांच्या पाड्यावर चिखलात उभं राहिल्याशिवाय भात खायला मिळत नाही. हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. बसल्या बसल्या त्याचा हात माझ्यावर पडला. त्याने मला थोडं उचलून बघितलं. अर्ध्या मणाला मी जराशीच कमी. तो उठला आणि म्हणाला, "गुणाबाय, ही तली मी वर नेऊ का?"

गुणाबाई म्हणाली, "एकल्या तलीवर काय दलनार तू?"

"दलनार नाय. उचलनार."

असा माझा दुसरा जन्म झाला. बारा वर्षं मी गोल गोल फिरले होते. आता वर आणि खाली जायला शिकले. अनंताने मला गोणपाटात बांधलं आणि दोन्ही हातांवर घेतलं, आजारी माणसाला घेतात तसं. कचेरीत जाण्यापूर्वी आणि आल्यावर तो मला घेऊन बसायचा, उठायचा, माडीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचा. पहिल्या दिवशी चार फेऱ्या झाल्या. पाचवीला त्याने मला सोडून दिलं.

मित्रांनो, माडीची जमीन लाकडी फळ्यांची, त्यावर शेणामातीचा थर. मी आदळले तशी सगळी माडी हादरली. फळ्यांच्या फटींतून माती सुटली आणि थेट गुणाबाईच्या आमटीत पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी खालून ओवी ऐकू आली. गुणाबाईला रागावायचं असलं तरी ती गाऊनच रागवायची:

माडीवरच्या भावा, जरा दगड हळू ठेव,
माझ्या आमटीला येते तुझ्या मातीची रे चव.

जिवली पडल्या पडल्या हसली. पाय मोडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असावी. अनंता मात्र खजील झाला आणि त्या दिवसापासून मला हळू ठेवायला लागला. आणि खरी गंमत तिथेच होती. उचलणं सोपं होतं हो. जोर केला, झटका दिला, मी वर. पण खाली ठेवताना झटका चालत नाही. शेवटच्या वीतभर अंतरात त्याच्या दंडांची, मांड्यांची, पाठीची जी परीक्षा व्हायची, ती मी आतून अनुभवली आहे. तो ओठ घट्ट मिटायचा, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि तरी माझी कड टक्कन वाजायचीच.

एकदा गुणाबाई वर आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. म्हणाली, "दम कोंडून कोन दलतं रे? बाईमानूस एवढं जातं फिरवतं ते काय दंडानं? ते दमानं फिरवतं. ठेवताना दम सोड. गा."

"मना गाता नाय येत."

"मग तुजी बायको गाईल. तिचा पाय मोडला, गला नाय मोडला."

मग जिवली गायला लागली. आईकडच्या ओव्या, मामाकडच्या ओव्या. गुणाबाईची ती आमटीची ओवी मात्र ती गात नसे, कारण तिच्यात अनंताला भाऊ म्हटलेलं. नवऱ्याला भाऊ कसं म्हणायचं? ती ओवी गुणाबाईच्याच वाट्याची राहिली. ओवीच्या पहिल्या ओळीला अनंता मला उचलायचा आणि दुसरी ओळ संपता संपता श्वास सोडत टेकवायचा. दहा दिवसांत माझा आवाज येईनासा झाला. गुणाबाईची आमटी स्वच्छ झाली.

पण मी म्हणजे काही जिवली नव्हे. गुणाबाईने तिला डोळ्यांनीच मापलं आणि म्हणाली, "वजनात एका मनाला थोडी वर भरंल." जिवली दिवसभर रुसून बसली. तेव्हापासून दर तीन दिवसांनी माझ्या गोणपाटात एक पायली भात पडायला लागला. जिवलीच ठरवायची. अनंताचा चेहरा बघायची आणि म्हणायची, "आता वाढवा."

सात पायल्या घालायच्या होत्या. सातवी ज्या दिवशी पडली, त्या संध्याकाळी अनंताने सगळं ओझं उचललं, भिंतीला हात लावून परत आला आणि मला टेकवलं. मी वाजले नाही. जिवलीला राहवलं नाही. ती ओरडली, "वाढवली! गुणाबाय, वाढवली गो!"

खाली गुणाबाई भाकरी थापत होती. तिच्या कानावर एवढंच पडलं. वाढवली म्हणजे काय? बाईच्या तोंडी हा शब्द आला की ऐकणाऱ्या बाईचं लक्ष आधी बांगडीकडे जातं. गुणाबाईच्या स्वतःच्या बांगड्या ज्या दिवशी वाढवल्या, तो दिवस तिने पाहिला होता. अनंता ओझ्याखाली कोसळला, असंच तिला वाटलं. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती पिठाच्या हातांनी अकरा पायऱ्या चढून आली. बघते तर अनंता उभा, जिवली टाळ्या वाजवतेय, आणि मी मध्ये थाटात बसलेली.

ती दाराला धरून खाली बसली आणि रडली. मग डोळे पुसून जिवलीला म्हणाली, "या घरात पुन्ना असं बोलायचं नाय. वाढवायची तर सांग, पायली वाढवली." खाली भाकरीचा कोळसा झाला होता.

सहा आठवडे भरले. त्या सकाळी अनंताने आधी मला खाली आणलं, एकटीला, भाताशिवाय. अकरा पायऱ्या उतरून त्याने मला जिन्याच्या पायथ्याशी ठेवलं, म्हणजे जिवलीला टेकायला जागा होईल. बाहेर बैलगाडी उभी होती. मग तो वर गेला.

मित्रांनो, मला स्वतःबद्दल कधी शंका वाटत नाही. पण त्या वेळी वाटली. सहा आठवडे त्याने जे काही केलं ते माझ्या भरवशावर, आणि मी दगड. दगड पडला तर माती उडते. जिवली पडली तर?

वर त्याचं पाऊल वाजलं. एक पायरी. दुसरी. जिवली गात होती. चौथ्या पायरीवर तिचा आवाज चिरकला. पाचवी पायरी तीच होती, मागच्या वेळची. तिने डोळे मिटून घेतले आणि गाणं बंद पडलं. तिची भीती त्याला लागली. त्याने ओठ मिटले, दम कोंडला. त्याचे गुडघे मला खालून दिसत होते. ते जागच्या जागी अडले.

गुणाबाई माझ्या शेजारी उभी होती. ती पुढे धावली नाही, हात वर केले नाहीत. तिने फक्त ओवी धरली, दळताना धरायची तशी, सावकाश:

माडीवरच्या भावा, जरा...

अनंताच्या तोंडून श्वास सुटला. पाय पुढे पडला. पाचवी गेली. सहावी गेली. गुणाबाईने ओळ लांबवली, पुन्हा पहिल्यापासून धरली, त्याच्या पावलांशी ताल जुळवत आणली. दहावी. अकरावी. तो माझ्यासमोर आला, गुडघ्यांत वाकला, आणि गुणाबाई म्हणाली, "हळू ठेव."

सहा आठवडे त्याने मला रोज खाली ठेवलं होतं. ठेवणं कसं असतं ते माझ्याइतकं कोणाला कळणार? तरी सांगते, जिवली माझ्यावर कधी टेकली ते मला कळलं नाही. तिचा पदर माझ्यावर पडला तेव्हा समजलं की ती आली.

संध्याकाळी ती दवाखान्यातून परत आली ती काठी धरून, स्वतःच्या दोन पायांवर. दोन्ही पाय मापाला सारखे भरले होते. आठ दिवसांनी दोघं गावाला गेली. जाताना अनंता मला पुन्हा जिन्याखाली ढकलत होता, पण गुणाबाई तयार नव्हती. ती म्हणाली, "तिला हितंच ऱ्हाऊ दे. तिनं काम केलंय."

आता सत्तेचाळीस साल आहे. गुणाबाई थकली. माडीवर तेव्हापासून पुष्कळ भाडेकरू आले-गेले, त्यांना माझी गोष्ट ठाऊक नाही. म्हणून तुम्हांला एवढंच मागते. माझ्यावर चपला झटकू नका. घरातली जुनी वस्तू अडगळ म्हणून ढकलण्यापूर्वी ती एकदा हातात घेऊन बघा. आणि पाण्याचा हंडा उचलाल, भाताची गोण उचलाल, आजारी माणसाला उचलाल, तर नुसतं उचललं म्हणजे झालं असं समजू नका. खाली ठेवेपर्यंत तुमचं काम संपत नाही.

दर वैशाखात जिवली बाजाराला येते. अजूनही येते. ती माझ्यावर बसते, दोन्ही पाय पुढे पसरते आणि टाचेला टाच लावून बघते. नऊ वर्षं झाली, तिचा विश्वासच बसत नाही. मागच्या खेपेला एका भाडेकरूने विचारलं, ही फुटक्या जात्याची तळी इथे वाटेत कशाला ठेवलीय?

गुणाबाई आतून म्हणाली, "फुटक्या नाय म्हनू. वाढलेल्या जात्याची हाय ती."

जिवलीने माझ्यावरून हात फिरवला आणि टाचेला टाच लावून पुन्हा एकदा पाहिलं.